गेर्मानिस्टिक : भाषावर्गाच्या पलीकडचे जर्मन

बारावीच्या आगेमागे जर्मन भाषेचा वर्ग लावणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे बहुधा एकच उद्दिष्ट असते. ए-१, ए-२, बी-१ अशा पायऱ्या चढत प्रमाणपत्र मिळवायचे आणि त्याच्या आधारे उच्च शिक्षणासाठी वा नोकरीसाठी जर्मनी गाठायची. यात गैर काहीच नाही. मात्र यांपैकी काहींना पुढे ही भाषाच पदवीचा विषय म्हणून घ्यावीशी वाटते आणि तेथे गल्लत होते. विद्यापीठातील जर्मन म्हणजे भाषावर्गाचीच वरची इयत्ता, असे समजून प्रवेश घेणारा पहिल्याच सत्रात गोंधळतो. उमेदीची तीन वर्षे पणाला लावण्यापूर्वी या विद्याशाखेचे स्वरूप समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

गोव्याच्या मुक्तिलढ्याला १९४६ मध्ये मडगावात नवे बळ देणारे डॉ. राममनोहर लोहिया बर्लिनमध्ये शिकले होते. इरावती कर्वे यांनीही बर्लिनमध्येच डॉक्टरेट मिळवली. या दोघांसाठी जर्मन हे अध्ययनाचे माध्यम होते. विषय अनुक्रमे अर्थशास्त्र आणि मानवशास्त्र हे होते. ‘गेर्मानिस्टिक’ या शाखेत माध्यमच विषय बनते. भाषा येते हे येथे गृहीत धरलेले असते. ती अशी का आहे आणि तिच्यात काय लिहिले गेले, हा अभ्यास असतो.

तीन दालने

जर्मन विद्यापीठांत या विषयाची ढोबळमानाने तीन दालने असतात : भाषाविज्ञान, मध्ययुगीन भाषा-साहित्य आणि अर्वाचीन साहित्य.

भाषाविज्ञानाच्या दालनात मराठी विद्यार्थ्याला अनेक ओळखीच्या खुणा भेटतात. याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडलेला ध्वनिपरिवर्तनाचा नियम संस्कृतच्या आधारानेच सुलभ होतो. संस्कृत ‘पितृ’मधील ‘प’च्या जागी जर्मन ‘फाटर’मध्ये ‘फ’ येतो. ‘दश’चे इंग्रजीत ‘टेन’ आणि जर्मनमध्ये ‘त्सेन’ होते. जर्मनमधील तीन लिंगांचा इंग्रजी माध्यमातून शिकणाऱ्यांना धाक वाटतो. तो, ती, ते म्हणणाऱ्या मराठी माणसाला त्यांचे नवल नाही. जर्मनमध्ये ‘मुलगी’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे, हे ऐकून अनेकांना हसू येते. पण कोकणीत ‘चेडूं’ नपुंसकलिंगीच असल्याने गोमंतकीय विद्यार्थ्याला ते सहज पचते. जर्मनमध्ये याचे कारण शब्दाच्या अंती लागणारा लघुत्वदर्शक प्रत्यय हे आहे. असे कारण शोधणे हेच भाषाविज्ञानाचे काम होय.

दुसरे दालन सर्वांत कठीण. इ. स. १२०० च्या सुमारास रचलेले ‘निबेलुंगेनलीड’ हे महाकाव्य आजच्या जर्मन वाचकालाही अभ्यासावाचून उलगडत नाही. ज्ञानेश्वरी मुळातून वाचताना आजच्या मराठी तरुणाची जी अवस्था होते, तीच येथे होते. परदेशी विद्यार्थी या टप्प्यावर हबकतात. मात्र शेजारी बसलेला जर्मन सहाध्यायीही तितकाच चाचपडत असतो, एवढा दिलासा असतो.

तिसऱ्या दालनात गटे, शिलर, हाइने यांच्यापासून आजच्या लेखकांपर्यंतचा विस्तीर्ण पट येतो. ‘शाकुंतल’चा १७९१ चा जर्मन अनुवाद वाचून गटे भारावला होता, हेही येथे अभ्यासले जाते.

विद्याशाखेचा काळा अध्याय

१८१० मध्ये बर्लिन विद्यापीठात जर्मन भाषा-साहित्याचे अध्यापन सुरू झाले तेव्हा जर्मनी नावाचे एकसंध राष्ट्र नव्हते. विखुरलेल्या संस्थानांतील लोकांना भाषेने जोडावे, ही प्रेरणा या विषयाच्या मुळाशी होती. परीकथांमुळे जगाला ठाऊक असलेल्या ग्रिम बंधूंनी १८३८ मध्ये आरंभलेला जर्मन शब्दकोश १९६१ मध्ये, म्हणजे सव्वाशे वर्षांनी पूर्ण झाला. तेव्हा देश दुभंगलेला होता, तरी दोन्ही बाजूंच्या अभ्यासकांनी तो तडीस नेला.

परंतु जोडण्याची हीच प्रेरणा पुढे वगळण्याचे हत्यार बनली. १० मे १९३३ रोजी विद्यापीठीय शहरांमध्ये ‘अ-जर्मन’ ठरवलेल्या पुस्तकांच्या होळ्या पेटल्या. त्यांत विद्यार्थी आघाडीवर होते आणि प्राध्यापकही सामील होते. बर्लिनच्या चौकात भाषण करणारा गोबेल्स हा जर्मन साहित्याचा डॉक्टरेटप्राप्त अभ्यासक होता. त्याच गर्दीत उभे राहून स्वतःची पुस्तके जळताना पाहणारा लेखक एरिश केस्टनर हाही त्याच विषयातील डॉक्टर होता. एकाच विद्येने घडलेली ही दोन माणसे होती. या विद्याशाखेने आपल्या या इतिहासाची जाहीर झडती घेतली ती १९६६ मध्ये म्युनिकच्या अधिवेशनात. आज हा इतिहास अभ्यासाचा भाग आहे. भाषेचा अभिमान कोणत्या वळणावर द्वेषात बदलतो, हा प्रश्न भाषिक वादांची धग सोसलेल्या गोवा-बेळगावच्या वाचकाला परका वाटू नये.

एका देशात न मावणारे साहित्य

जर्मन साहित्य म्हणजे केवळ जर्मनीचे साहित्य नव्हे. काफ्का प्रागचा होता. कवी पाउल त्सेलान आज युक्रेनमध्ये असलेल्या चेर्नोव्हित्समध्ये जन्मला. २००९ चे नोबेल मिळवणारी हेर्टा म्युलर रोमानियातील जर्मनभाषक अल्पसंख्याकांतून आली. तुर्कस्तानात जन्मलेल्या एमिने सेवगी ओझदामार यांना २०२२ मध्ये ब्युखनर पुरस्काराने गौरवण्यात आले. या लेखकांना परिघावरचे म्हणून बाजूला ठेवले, तर जर्मन साहित्याचा इतिहास पांगळा होईल. तंजावरची मराठी नाटके, बोरकरांची मराठी कविता, इंदूर-वडोद्यातील मराठी लेखन यांकडेही याच दृष्टीने पाहता येते. परक्या साहित्याचा अभ्यास करताना आपल्या भाषेचा नकाशा असा नव्याने दिसू लागतो.

प्रवेशापूर्वी

जर्मनीत पदवी साधारणतः सहा सत्रांची, तर पदव्युत्तर शिक्षण चार सत्रांचे असते. पुष्कळदा या विषयासोबत दुसरा एखादा विषय घ्यावा लागतो. घोकंपट्टीला येथे वाव नाही. परिसंवादवर्गात स्वतः मांडणी करायची आणि सत्राअखेर पंधरा-वीस पृष्ठांचा, संदर्भांसह लिहिलेला निबंध सादर करायचा, अशी रीत आहे. त्यासाठी सामान्यतः सी-१ च्या आसपासची पातळी आणि टेस्टडाफ किंवा डीएसएच यांसारखी परीक्षा आवश्यक ठरते. बी-१ वर थांबलेल्याने घाई करू नये. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्रही लागते. सार्वजनिक विद्यापीठांत सहसा शिक्षणशुल्क नसते. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून सत्राला १५०० युरो घेतले जातात. राहण्या-खाण्याचा खर्च वेगळा आणि तोच मोठा.

परदेशी जाणे हा एकमेव मार्ग नाही. दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, हैदराबादचे इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ, पुणे आणि मुंबई विद्यापीठ येथे जर्मनच्या उच्च शिक्षणाची सोय आहे. अध्यापन, अनुवाद, प्रकाशन, पर्यटन आणि जर्मन कंपन्यांतील कामे ही पुढची क्षेत्रे आहेत. मात्र अभियांत्रिकीसारखी ठरावीक नोकरी या पदवीला जोडलेली नाही, हे पालकांनीही ध्यानात घ्यावे.

निर्णयापूर्वी एक साधी कसोटी घेता येते. एखादी छोटी जर्मन कथा शब्दकोश घेऊन मुळातून वाचावी आणि तिच्यावर दोन पृष्ठे जर्मनमध्ये लिहावीत. त्या परिश्रमाचा कंटाळा आला तर भाषावर्ग पुरेसा आहे. लिहून झाल्यावर दुसरी कथा उघडावीशी वाटली, तर विद्यापीठाची वाट धरायला हरकत नाही.