चिरिकाहुआ : वाळू नसलेलं वाळवंट

अमेरिकेत मुलांकडे गेलेली आपली मंडळी ॲरिझोनात ग्रँड कॅन्यन बघतात आणि जाता जाता दगडी सुळक्यांचं चिरिकाहुआ उद्यानही उरकू म्हणतात. पण ते जाता जाता होत नाही. ग्रँड कॅन्यन राज्याच्या उत्तरेला, तर चिरिकाहुआ थेट आग्नेय कोपऱ्यात, टूसॉनहून गाडीने दोन तासांवर. त्यासाठी अख्खा दिवस वेगळाच काढा.

वाळवंट म्हणजे वाळू, निवडुंग आणि रणरणतं ऊन, हाही गैरसमजच. तेरा किलोमीटरचा घाटरस्ता ओक, जुनिपर, सायप्रस आणि पाइनच्या झाडीतून मसाई पॉइंटला पोचतो. ही जागा 6,870 फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून सुमारे साडेचारशे मीटर उंच आहे. हिवाळ्यात इथे बर्फ पडतो, तेव्हा खाली ऊन दिसलं तरी जाकीट सोबत असू द्या.

हे सुळके वाऱ्याने कोरले असं बरेच जण सांगतात. मूळ गोष्ट फार जुनी आहे. सुमारे 2 कोटी 70 लाख वर्षांपूर्वी टर्की क्रीकच्या ज्वालामुखीतून तापलेल्या राखेचे लोट आले आणि ती राख आपल्याच उष्णतेने सांधून दगड झाली. थंड होताना तो आक्रसला, त्याला उभे तडे गेले. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांबही असेच आक्रसून तडकलेले, पण तो लाव्हाचा बेसाल्ट, हा राखेचा दगड. पुढे तड्यांत पाणी शिरलं, गोठून फुगलं, भेगा रुंदावत गेल्या आणि मधले खांब उभे राहिले. जवळ जाऊन बघा: दगडावर पोपटी दगडफुलाची साय चढलेली असते आणि हेलस्टोन वाटेवर खडकात गारांएवढे गोल गोटे रुतलेले दिसतात. दुरून फोटो काढणाऱ्यांना ते दिसतच नाहीत, याची मला खरंच हळहळ वाटते.

'बिग बॅलन्स्ड रॉक' आता पडेल की मग, असं वाटतं. अंदाजे हजार टनांचा तो धोंडा अजून तोल सांभाळून आहे.

वाळवंटात पावसाची काय भीती? ॲरिझोनातही पावसाळ्याला 'मान्सून'च म्हणतात! जुलै ते सप्टेंबर दुपारी ढग दाटतात आणि उघड्या कड्यांवर विजेचा धोका खरा असतो. त्या दिवसांत पहाटेच निघा आणि दुपारच्या आत गाडीपाशी या.

उद्यानात पेट्रोल मिळत नाही, उपाहारगृहही नाही. टाकी वाटेतल्या विलकॉक्स गावातच भरा, डबाही तिथूनच घ्या.

एको कॅन्यनचा फेरा जेमतेम सव्वापाच किलोमीटरचा, म्हणून कुणी एकच बाटली घेऊन निघतं. सह्याद्रीत आपण आधी चढतो, मग उतरतो. इथे सुरुवातीलाच उतार लागतो आणि चढ परतीला, पाय थकल्यावर. अर्धं पाणी त्या चढासाठी राखून ठेवा.