पात्याचा बाण बाजूला का जातो?

एकच धनुष्य, एकच हात आणि एकाच वजनाचे दोन बाण. एकाचे टोक पेन्सिलीसारखे निमुळते, तर दुसऱ्याला रुंद, धारदार लोखंडी पाते. वीस मीटरवरून सोडल्यास दोन्ही एकाच जागी लागतील का? पुष्कळदा लागत नाहीत. पात्याचा बाण चार बोटे बाजूला जातो, आणि विशेष म्हणजे दर वेळी त्याच बाजूला जातो. नेमबाजाचा हात हलत असता तर बाण चहूकडे विखुरले असते. ज्या अर्थी ते एकाच बाजूला जातात, त्या अर्थी त्यामागे काही निश्चित कारण असले पाहिजे. हे कारण शोधताना नववी-दहावीच्या पदार्थविज्ञानाचा बराच भाग कामी येतो.

गडचिरोली जिल्ह्यात भामरागड, एटापल्लीकडे शिकविणाऱ्या शिक्षकांना हे दोन्ही प्रकारचे बाण पाहून माहीत असतील. माडिया लोकांचे धनुष्य बांबूचे, त्याची दोरीसुद्धा बहुधा बांबूच्या सालीच्या पट्टीची. पाखरासाठी बोथट टोकाचा बाण आणि मोठ्या जनावरासाठी लोखंडी पात्याचा, अशी त्यांची विभागणी. पाते रुंद असण्याचे कारण उघड आहे. बंदुकीची गोळी जनावराला धक्क्याने लोळवते, बाण ते करू शकत नाही. तो रक्तवाहिन्या कापूनच परिणाम करतो. म्हणून तो चार बोटे चुकला तर जनावर वाचते असे नाही. ते जखमी होऊन रानात शिरते आणि दोन-तीन दिवसांनी मरते. बाण नेमका जाणे हा केवळ कौशल्य मिरवण्याचा प्रश्न नाही, तो यामुळे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीवर बंदी आहे. हत्यार बंदूक आहे की बाण, याने त्यात फरक पडत नाही. ताडोबा तर १९५५ पासूनच राष्ट्रीय उद्यान आहे. अमेरिकेत मात्र परवाना घेऊन धनुष्याने शिकार करता येते. त्यामुळे कंपाउंड धनुष्यातून पात्याचे बाण सरळ जावेत म्हणून करायच्या जुळणीचा तिकडे बारकाईने विचार झाला आहे. आपल्याला त्यातले विज्ञान घ्यायचे आहे.

बाण सरळ का उडतो ते आधी पाहू. बाणाचे टोक जड असते, त्यामुळे त्याचा गुरुत्वमध्य लांबीच्या मध्यापेक्षा थोडा पुढे असतो. शेपटाला पिसे असतात. उडताना बाण किंचित तिरका झाला, की वारा पिसांवर आडवा आदळतो आणि शेपूट पुन्हा रेषेत ढकलतो. वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा याच तत्त्वावर फिरतो. आता पुढच्या टोकाला रुंद पाते लावा. तेही पिसासारखेच एक पृष्ठ आहे, पण ते गुरुत्वमध्याच्या पुढे आहे. बाण तिरका होताच त्याच्यावरही आडवे बल पडते, आणि हे बल बाणाला आणखी तिरका करू पाहते. पुढे पाते, मागे पिसे, अशी ही रस्सीखेच असते. पिसे मोठी असल्याने अखेर तीच जिंकतात. पण तोवर बाण बाजूला सरकलेला असतो.

किती सरकतो? ढोबळ हिशेब करून पाहू. बाण २७ ग्रॅमचा, वेग सेकंदाला ८० मीटर, पात्याचे परिणामकारक क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर आणि बाणाचा तिरकसपणा फक्त २ अंश धरू. हवेची घनता १.२ धरली, तर वेगामुळे येणारा दाब सुमारे ३,८४० न्यूटन प्रति चौरस मीटर येतो. त्याला क्षेत्रफळाने गुणले की २.३ न्यूटन. इतक्या लहान कोनात त्यातला साधारण सात शतांश भाग आडव्या बलात उतरतो असे मानले, तर ०.१६ न्यूटन मिळतात. बाणाचे स्वतःचे वजन ०.२६ न्यूटन. म्हणजे दोन अंशांच्या तिरकसपणाने वजनाच्या निम्म्याहून अधिक बल त्याला बाजूला ओढू लागते! हे बल पहिले चार मीटर, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग, टिकले तरी बाणाला सेकंदाला ३० सेंटिमीटर एवढा आडवा वेग मिळतो. उरलेले १६ मीटर कापायला त्याला ०.२ सेकंद लागतात. एवढ्यात तो सहा-सात सेंटिमीटर बाजूला गेलेला असतो. चार बोटे म्हटले ते हेच.

वेग कमी केला तर बाण कमी सरकेल, असे सहज वाटते. हाच हिशेब सेकंदाला ४० मीटर वेग धरून पुन्हा करा. बल चौपट कमी होते खरे, पण प्रत्येक अंतर कापायला दुप्पट वेळ लागतो, आणि सरकणे वेळेच्या वर्गावर अवलंबून असते. उत्तर पुन्हा सहा-सात सेंटिमीटरच! वेग समीकरणातून निघूनच जातो. पाते तेच असेल तर उरतात तीन गोष्टी: बाणाचे वस्तुमान, सुटतानाचा तिरकसपणा आणि लक्ष्याचे अंतर. वीसऐवजी दहा मीटरवरून सोडला तर हाच बाण तीन सेंटिमीटरच चुकतो. जंगलात दबा धरून जनावर अगदी जवळ येईपर्यंत थांबणे हे साध्या धनुष्याच्या शिकाऱ्याचे कौशल्य होते. त्यामागे हेही गणित आहे, मग ते कोणी मांडलेले असो वा नसो.

मग तिरकसपणा येतो कोठून? दोरी सुटताना बाणाचे काय होते, ते डोळ्यांना दिसत नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत क्लॅरेन्स हिकमन या पदार्थवैज्ञानिकाने अतिजलद चित्रणाने ते टिपले. बाण काठीसारखा ताठ राहत नाही. माशासारखा वळवळत तो धनुष्यातून बाहेर पडतो. सुमारे अर्ध्या मीटरच्या ओढीत त्याला सेकंदाला ८० मीटर वेग मिळायचा, तर सरासरी १७ किलोचे बल त्याच्या शेपटाला मागून रेटत असते. छत्रीची बारीक काडी उभी धरून वरून दाबली की ती वाकते, तसेच हे. शिवाय साध्या धनुष्यात बाण मधोमध नसतो, दांड्याच्या बाजूने जातो. सुटताना त्याला दांड्याला वळसा घालून निघावे लागते. तो फार ताठ असला तर एका बाजूला फेकला जातो, फार लवचिक असला तर दुसऱ्या. धनुष्याच्या जोरानुसार बाण निवडावा लागतो, याचे कारण हे.

अमेरिकेतील होलेस विल्बर ॲलन यांना ज्या कंपाउंड धनुष्याचे पेटंट १९६९ मध्ये मिळाले, त्यात यातला बराच त्रास कमी झाला. दांड्याच्या टोकांना विक्षिप्त चाके असतात. त्यांना कॅम म्हणतात. पूर्ण ओढल्यावर या चाकांमुळे बोटांवरचा भार बराच कमी होतो. सत्तावीस किलोचे धनुष्य पाच-सहा किलोत धरून शांतपणे नेम घेता येतो. दांडा मध्यभागी कापलेला असल्याने बाण जवळजवळ दोरीच्याच प्रतलात जातो. दोरीही बोटांनी न सोडता चापाने सोडतात, म्हणजे बोटांवरून घसरताना ती आडवी हलत नाही. या धनुष्यात नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी हे दोघे २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले. ओजसने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले. पन्नास मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ अवघे आठ सेंटिमीटर व्यासाचे असते. स्पर्धेच्या बाणांना पाती नसतात, पण सुटतानाचा तिरकसपणा घालवण्याची जुळणी त्यांनाही करावी लागते. फरक एवढाच, की निमुळत्या टोकाच्या बाणाचे लहान दोष पिसे झाकून टाकतात. पाते ते उघडे पाडते.

म्हणून जुळणीची सुरुवात बाणापासून होते. टोक टेबलावर टेकवून बाण भोवऱ्यासारखा फिरवतात. पाते डगमगले तर ते सरळ बसलेले नाही. मग पुढचे सगळे श्रम फुकट. नंतर बाण दोरीशी काटकोनात आहे ना, आणि वरखालचे दोन्ही कॅम एकाच क्षणी पूर्ण फिरतात ना, हे पाहतात. त्यानंतर दोन मीटरवर ताणलेल्या कागदातून बाण मारतात. ही परीक्षा आम्हांला फार आवडते, कारण ती फुकटची आहे. सरळ गेलेल्या बाणाने कागदात एक गोल भोक आणि त्याभोवती पिसांच्या चिरा पडतात. तिरका गेला तर लांबट फाट पडते आणि शेपूट कोणत्या बाजूला होते ते कळते.

शेवटी पात्याचे आणि साध्या टोकाचे, सारख्या वजनाचे बाण एकाच खुणेवर सोडतात. पात्याचे डावीकडे गेले तर बाण ज्यावर टेकतो तो आधार अगदी थोडा, अर्ध्या मिलिमीटरने, उजवीकडे सरकवायचा. खाली गेले तर आधार वर. दोन्ही प्रकारचे बाण एकत्र पडू लागेपर्यंत नेम घेण्याच्या काट्याला हात लावायचा नाही. नवशिके नेमके उलटे करतात, आधी काटा हलवतात. त्याने बाण खुणेवर लागतो, पण वाटेत तिरकाच असतो.

वर्गात अर्थातच पाती आणू नयेत. शीतपेयाच्या नळीच्या एका टोकाला मातीचा गोळा आणि दुसऱ्याला कागदी पिसे लावून ती फेकून पाहावी. मग गोळ्यामागे दोन कागदी पाती चिकटवावीत आणि ती हळूहळू मोठी करत जावे. एका मापाला नळी कोलांट्या खाऊ लागते.

बाणाचा ताठपणा मोजणेही सोपे आहे. ७१ सेंटिमीटर अंतरावर दोन टेकू ठेवून त्यांवर काडी आडवी ठेवायची, मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगायचे आणि काडी किती मिलिमीटर खाली येते ते मोजायचे. बाजारातल्या बाणावर ५०० हा आकडा असतो, तेव्हा तो या वजनाने अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर वाकतो. आपल्याकडे बांबूची कामटी मुबलक. तीच कामटी पाव वळसा फिरवून पुन्हा मापावी. पेरे आणि साल यांमुळे दर बाजूला आकडा वेगळा येतो. मुलांनी दहा कामट्या मापून सारख्या वाकणाऱ्या चार निवडल्या, की पूर्वी बाण करणारा माणूस हाताने वाकवून काय ठरवत असे, ते त्यांना मिलिमीटरांत दिसेल.