बोलता बोलता भाषा बदलते तेव्हा – ७ : टेबलावर की टेबलवर?

मराठीत नाम सुटे असते तेव्हा त्याचे एक रूप असते आणि प्रत्यय लागायची वेळ आली की दुसरे. घर, पण घरात. भिंत, पण भिंतीवर. जीभ, पण जिभेला. घोडा, पण घोड्याने. पाणी, पण पाण्यात. प्रत्यय लागण्याआधी होणाऱ्या या बदललेल्या रूपाला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात. शाळेत या रूपांचा तक्ता पाठ करायला लागतो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. बोलताना मात्र कोणाचेही सामान्यरूप चुकत नाही. दोन भाषांची मिसळ करत बोलणाऱ्या माणसाच्या वाक्यात शिवण नेमकी कुठे आहे हे पाहायचे असेल, तर या तक्त्याइतके चांगले भिंग दुसरे नाही.

निमित्त एका वाचकाच्या प्रश्नाचे आहे. घरात आजोबा ‘टेबलावर’ म्हणतात, नात ‘टेबलवर’ म्हणते, बरोबर कोण? हा प्रश्न शुद्धलेखनाचा वाटतो, पण तो तेवढ्यावर थांबत नाही.

कांजूरमार्ग स्थानकाबाहेर, पवईकडे जाणाऱ्या रिक्षांच्या रांगेत संध्याकाळी ऐकू येते तसले एक वाक्य घ्यावे. “अगं, बँकेतून मघाशीच निघाले, आता रांगेत उभी आहे. फाइल बॅगेतच आहे, पण चार्जर ऑफिसमध्ये राहिला. सोसायटीत पोचले की कॉल करते.” फोन ठेवून तीच बाई रिक्षावाल्याला सांगते, “भैया, गॅलेरिया के बाजू में छोड दो.” हिंदीत उडी मारली ती अर्धवटच, कारण ‘बाजू में’ या हिंदीखाली मराठी ‘बाजूला’ सरळ दिसते. पण ते राहू दे.

पहिल्या तीन वाक्यांत इंग्रजी शब्द सात आहेत आणि इंग्रजी व्याकरण शून्य. प्रत्यय मराठी, क्रियापदे मराठी, ‘पण’ आणि ‘की’ मराठी. फाइल स्त्रीलिंगी ठरली आहे आणि चार्जर पुल्लिंगी. ‘चार्जर राहिला’ म्हणताना बोलणारी क्षणभरही अडखळली नाही. हे लिंग इंग्रजीतून आलेले नाही, कारण इंग्रजीला ते माहीतच नाही.

ही गोष्ट शास्त्रीय पद्धतीने मांडणारा माणूस पुण्याचा होता. अरविंद जोशी १९२९ मध्ये पुण्यात जन्मले, तिथेच अभियांत्रिकी शिकले आणि पुढे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात संगणक आणि भाषा यांच्या सांध्यावर आयुष्यभर काम करत राहिले. १९८२ मध्ये त्यांनी एकाच वाक्यात भाषा बदलण्यावर एक निबंध सादर केला. संगणकाला असे वाक्य समजावे यासाठी नियम काय लागतील, हा त्याचा विषय. आणि उदाहरणे मराठी-इंग्रजीची. तोवर अनेक विद्वानांचे मत असे होते की, वाक्याच्या मध्येच भाषा बदलणे हा गबाळेपणा आहे. युरिएल वाइनरायख यांनी १९५३ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात आदर्श द्विभाषिकाचे वर्णन करताना तो एका वाक्यात भाषा बदलत नाही, असेच म्हटले होते. जोशींनी दाखवले की अशा वाक्यात एक भाषा यजमान असते आणि दुसरी पाहुणी. पाहुणीला नामे, विशेषणे, क्रियावाचक शब्द आणता येतात. पण प्रत्यय, शब्दयोगी अव्यये, ‘काही’, ‘माझा’, ‘आहे’ यांसारखे घर चालवणारे छोटे शब्द यजमानाचेच राहतात.

पडताळा स्वयंपाकघरात घेता येतो. ‘किल्ल्या टेबलवर ठेवल्या’ हे वाक्य ‘कीज टेबलवर ठेवल्या’ असे होऊ शकते, होतेही. ‘कीज ऑन टेबल ठेवल्या’ असे मात्र पवईतल्या सर्वांत महागड्या इंग्रजी शाळेतले मूलही म्हणत नाही. शिवाय ‘ठेवल्या’ हे रूप पाहण्यासारखे आहे. ‘कीज’चे अनेकवचनी शेपूट इंग्रजी, पण क्रियापदाने त्याला किल्लीचे लिंग देऊन टाकले. कॅरल मायर्स-स्कॉटन यांनी नैरोबीतल्या स्वाहिली-इंग्रजी बोलण्यावरून अशीच चौकट पुढे १९९३ मध्ये विस्ताराने मांडली आणि जगभर त्यांचेच नाव झाले. मराठी वाचकाने जोशींचे नाव आधी घ्यायला हरकत नाही.

आता टेबलाकडे. पाहुणा शब्द घरचा कधी होतो, याची खूण सामान्यरूप देते. फारसी-अरबीतून आलेल्या शब्दांचे बघावे. दुकानात, बाजारात, शहरात, कागदावर. जमीन–जमिनीत आणि वकील–वकिलाकडे यांत तर दीर्घ स्वर ऱ्हस्व झाला, अगदी बहीण–बहिणीला होते तसा. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथ नारायण हणमंते यांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश रचला. त्या कोशाने शब्दांवर हरकत घेतली. शब्दांना मराठी प्रत्यय लागण्याची अडचण कधी नव्हतीच.

इंग्रजी अमलाच्या पहिल्या शंभर वर्षांत आलेल्या शब्दांचीही हीच गत. कोर्टात, बँकेत, बोटीत, पलटणीत. स्त्रीलिंगी नामांचे मराठीत दोन गट पडतात: भिंत–भिंती–भिंतीवर हा एक आणि रांग–रांगा–रांगेत हा दुसरा. इंग्रजी शब्दही या दोन गटांत वाटले गेले. बँक–बँका–बँकेत, बॅग–बॅगा–बॅगेत, नोट–नोटा–नोटेवर एकीकडे. मोटार–मोटारी–मोटारीत, फाइल–फायली–फायलीत, बोट–बोटी–बोटीत दुसरीकडे. ही वाटणी कोणत्या समितीने केली नाही. समुद्रातली बोट स्त्रीलिंगी ठरल्यामुळे हाताच्या बोटाशी तिचा गोंधळही झाला नाही: अंगठी बोटात आणि माणूस बोटीत.

‘बस’ मात्र कुठल्याच गटात बसली नाही. भिंतीप्रमाणे चालवावी तर ‘बशीत’, म्हणजे चहा सांडलेला. रांगेप्रमाणे चालवावी तर अनेकवचन ‘बसा’, म्हणजे पाहुण्याला केलेला आग्रह. कारण हेच असेल असे नाही, पण बेस्टच्या ‘बसेस’ राहिल्या आणि माणसे ‘बसमध्ये’ चढली.

बसचे काहीही असो, ‘मध्ये’ची सरशी तिच्यापुरती नाही. लिफ्टमध्ये, मॉलमध्ये, फ्लॅटमध्ये, एटीएममध्ये, लॅपटॉपवर, मोबाइलवर : गेल्या काही दशकांत आलेला, व्यंजनात संपणारा शब्द आपले रूप न बदलता सरळ ‘मध्ये’ किंवा ‘वर’ला जोडला जातो. जुन्यांपैकी काही मागे वळले आहेत. ऑफिसात, हॉटेलात, कॉलेजात, स्टेशनात ही रूपे जुन्या कथा-कादंबऱ्यांत पानोपानी आहेत, आज ती साठीच्या पुढच्यांच्या तोंडी जास्त. कोर्ट मात्र ठाम उभे आहे. ‘कोर्टात खेचीन’ या धमकीत ‘कोर्टमध्ये’ घातले तर धमकीतली हवाच जाईल. सर्वांत बोलकी जोडी एकाच शब्दाची आहे. हॉस्पिटल पूर्वी कानाने आले, ‘इस्पितळ’ झाले आणि माणूस ‘इस्पितळात’ भरती झाला. तोच शब्द पुन्हा स्पेलिंगसकट आला, तेव्हा ‘हॉस्पिटल’ राहिला आणि माणूस ‘हॉस्पिटलमध्ये’ अॅडमिट झाला. खडकांच्या थरांवरून काळ सांगतात तसा शब्दाच्या प्रत्ययावरून तो कधी आणि कोणत्या वाटेने आला, याचा अंदाज बांधता येतो.

पवई या बाबतीत फसवी आहे. इथल्या नव्या नावांना प्रत्यय सहज लागतात आणि सगळे जुन्यासारखेच चालू आहे असे वाटते. आयआयटीत, हिरानंदानीत, एल अँड टीत. याचे श्रेय आपुलकीला नाही, शेवटच्या स्वराला आहे. ईकारान्त स्त्रीलिंगी नामाचे सामान्यरूप मुळातच बदलत नाही, नदी–नदीत तसे पवई–पवईत. म्हणून ‘सोसायटीत’, ‘लॉबीत’, ‘बाल्कनीत’, ‘कंपनीत’, ‘टॅक्सीत’ हे शब्द आजही ‘त’ घेतात, आणि त्याच सोसायटीतल्या ‘बिल्डिंग’ला, ‘टॉवर’ला, ‘जिम’ला ‘मध्ये’ लागतो. एकाच माणसाच्या एकाच वाक्यात ‘लॉबीत थांब, मी लिफ्टमध्ये आहे’ हे दोन्ही नमुने शेजारी शेजारी नांदतात. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या, पवईच्या तलावाकाठच्या संस्थेचे नाव तीन इंग्रजी अक्षरांच्या उच्चारांनी बनले आहे. पण शेवटचे अक्षर ‘टी’ असल्यामुळे मराठीने ते पहिल्या दिवशीच पोटात घेतले असणार.

पाहुण्या शब्दाला घरचा करण्याची ही मशागत का थांबली? एक कारण वर आलेच: शब्द आता कानाऐवजी डोळ्याने येतो आणि त्याचे मूळ रूप डोळ्यांसमोर राहते. ते मोडायला माणूस कचरतो. दुसरे कारण शेजारणीचे. हिंदीत व्यंजनान्त नामाला एकवचनात काहीच होत नाही. घर में, टेबल पर, ऑफिस में. दिवसातून पन्नास वेळा मराठीतून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत ये-जा करणाऱ्या मुंबईकराला ‘टेबल पर’ आणि ‘टेबलवर’ हे एकाच साच्यातले वाटू लागले तर नवल नाही. अशा शेजाराने व्याकरणे किती जवळ येतात याचे जगप्रसिद्ध उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. सांगलीजवळच्या कुपवाड गावी मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदल्या. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये दाखवले की, तिथे शब्द प्रत्येकीचे वेगळे राहिले, पण वाक्याची ठेवण इतकी एकसारखी झाली की एका भाषेतले वाक्य दुसरीत शब्दाला शब्द ठेवून नेता यावे. मुंबईत तितके झालेले नाही. ‘टेबलवर’ ही त्या वाटेवरची एक पायरी म्हणता येईल.

सगळा दोष पाहुण्यांवर टाकणेही बरोबर नाही. घरच्या नावांचे सामान्यरूपही सैल झाले आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांत एकारान्त नामाचे सामान्यरूप याकारान्त करावे असे स्पष्ट आहे: फडके–फडक्यांना. आज निमंत्रणपत्रिकांपासून बातम्यांपर्यंत ‘फडकेंना’ सर्रास दिसते. आडनाव मोडले तर माणसाचा अपमान होईल अशी एक भीती त्यामागे असावी. ज्या भाषेने शिंदे, होळकर, पेशवे सगळ्यांना चालवून घेतले, तिला ही भीती शोभत नाही.

तरीही जुने रूप मेलेले नाही, हे कळते ते आईच्या रागातून. “मोबाइल टेबलवर ठेव” हे शांतपणे सांगितले जाते. दहा मिनिटांनी तीच आई म्हणते, “सारखं काय त्या मोबाइलात डोकं खुपसून बसलायस!” रागात ‘मोबाइलवर’चे ‘मोबाइलात’ होते. ‘लॅपटॉपात’, ‘मीटिंगा’ ही रूपेही अशीच, वैतागाच्या किंवा थट्टेच्या सुरात फुटतात. यान-पेटर ब्लोम आणि गंपर्झ यांनी १९७२ मध्ये नॉर्वेतल्या एका गावाबद्दल लिहिले होते की, प्रसंग तोच असताना माणसे बोली बदलतात ती नात्याचा सूर बदलण्यासाठी. पवईच्या स्वयंपाकघरात त्यासाठी अख्खी भाषा बदलावी लागत नाही. एक ‘आ’ पुरतो, आणि पाहुण्या वस्तूला घरच्या धाकात आणले जाते.

यंत्रांना हा ‘आ’ महागात पडतो. आयआयटी मुंबईत २००० साली सुरू झालेल्या भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्रात, पुष्पक भट्टाचार्य यांच्या पुढाकाराने, हिंदीच्या पाठोपाठ मराठीचेही शब्दजाल तयार झाले आणि मराठी शब्दरूपांची फोड करणारी प्रणालीही. ‘लिफ्टमध्ये’ची फोड सोपी असते, ‘मध्ये’ तोडला की लिफ्ट हातात येते. ‘जिभेवर’मधून ‘वर’ काढल्यावर उरलेल्या ‘जिभे’ची ‘जीभ’ करण्यासाठी मात्र तोच शाळेतला तक्ता यंत्राला पाठ करावा लागतो. माणूस जे परीक्षेनंतर विसरतो, ते यंत्राला विसरून चालत नाही.

राहिला वाचकाचा प्रश्न. आजोबा बरोबर आहेत आणि नातही चुकलेली नाही. ‘टेबलावर’ म्हणणारा शब्दाला घरचा मानतो, ‘टेबलवर’ म्हणणारी त्याला पाहुणा ठेवते, आणि दोघेही वर तेच ठेवतात. लिहिताना ‘टेबलावर’ लिहावे, कारण ते रूप शंभर वर्षे वापरात आहे आणि टिकवण्याजोगे आहे. ‘लिफ्टमध्ये’चे मात्र उगाच ‘लिफ्टेत’ करू नये. चिंता करायची ती नात ‘भिंतवर’ किंवा ‘घरमध्ये’ म्हणू लागेल तेव्हा.

‘लिफ्ट’बाबत एक विनंती आहे. दोन लिफ्ट एकदम बंद पडल्या की पवईतले लोक “दोन्ही लिफ्ट बंद आहेत” म्हणतात. ‘लिफ्टा’ की ‘लिफ्टी’ हा निवाडा अजून झालेला दिसत नाही. गिरगाव, दादर, पार्ल्याच्या जुन्या इमारतींत राहिलेल्या कोणी घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ‘लिफ्टेत’, ‘लिफ्टीत’ किंवा ‘लिफ्टा’ ऐकले असेल, तर वाक्य जसेच्या तसे लिहून कळवावे.