कुंडीतली तुळस, ताटलीतला डास

बाल्कनीत औषधी झाडं लावताय? जरूर लावा. पण त्यांच्याकडून काम कसं करून घ्यायचं, तेही बघा. नाहीतर डासांना तुम्हीच फुकटात घर द्याल!

पावसाळा आला की नर्सरीत ही गर्दी! आठवडाभर कीबोर्ड बडवणारे हात रविवारी मातीत घालायला मजा येतेच. त्यात नर्सरीवाला एक रोप पुढे करतो, 'मॅडम, हे मॉस्किटो प्लांट. खिडकीत ठेवा, एक डास फिरकणार नाही.' लिंबासारखा झक्कास वास. आपण खूश. रोप घरी, टेन्शन खल्लास!

खरंच खल्लास?

हे मॉस्किटो प्लांट म्हणजे बऱ्याचदा सुगंधी जिरेनियमचा एक प्रकार असतो. 1996 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी त्याची परीक्षा घेतली. रोपाजवळ बसलेल्यांच्या आणि रोपाशिवाय बसलेल्यांच्या वाट्याला आलेल्या डासांत काही खास फरक पडला नाही. डास तर चक्क त्या रोपावरच येऊन बसत होते!

आधी फंडा समजून घ्या

तुळस, पुदिना, गवती चहा, ओवा यांच्या पानांत सुवासिक तेल असतं. गवती चहात सिट्रल, तुळशीत युजेनॉल. हे तेल झाड आपल्यासाठी नाही, तर पान कुरतडणाऱ्या किड्यांना पळवण्यासाठी बनवतं. म्हणून ते पानातच बंद असतं आणि पान चुरगळलं की भसकन बाहेर पडतं. नुसत्या उभ्या रोपातून खोलीभर पसरेल इतकं तेल सुटतच नाही.

बरं, तेल अंगाला लावलं तर? चालतं, पण फार वेळ नाही. 2002 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये डास पळवणाऱ्या क्रीम-स्प्रेंची तुलना छापून आली. सिट्रोनेलावाल्यांचा असर जेमतेम 20 मिनिटं टिकला. 23.8 टक्के डीट असलेलं औषध मात्र 5 तास टिकलं. मनगटावर बांधायचे पट्टे जवळजवळ बिनकामाचे ठरले.

राणीच्या बागेतली तुळस

'पण आमची आजी तर सांगायची...' हो, तिचं ऐकण्यासारखं आहेच. मुंबईत राणीची बाग तयार होत असताना कामगारांना डासांनी हैराण केलं होतं. तेव्हा इथल्याच देखरेख करणाऱ्या मंडळींच्या सल्ल्यानं बागेच्या कडेनं तुळस लावली आणि डास, ताप दोन्ही हटले, असं सर जॉर्ज बर्डवूड यांनी 1903 मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहून सांगितलं. किस्सा मस्त आहे. पण ती अख्ख्या बागेची कड होती, आपल्याकडे असते एक कुंडी. शिवाय बाग उभी राहताना जमीन सारखी होते, डबकी बुजतात. सगळं श्रेय तुळशीला देणं जरा जास्तच होईल.

खरा व्हिलन ताटलीत

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला गटार लागत नाही. त्याला आवडतं साचलेलं स्वच्छ पाणी. म्हणजे कुंडीखालची ताटली, मनी प्लांटची बाटली, फ्रिजमागचा ट्रे. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण 8 ते 10 दिवस पुरतात. तुम्ही सुट्टीला जोडून गोव्याला जाऊन येईपर्यंत तिकडे एक बॅच जवळजवळ तयार!

आणि हा डास चावतो दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी. म्हणजे संध्याकाळी सातला लावलेली अगरबत्ती त्याच्यासाठी लेटच. ऑफिसातल्या डेस्कवरचा लकी बांबूही यातून सुटत नाही. 2001 मध्ये चीनहून कॅलिफोर्नियाला पाण्यातून पाठवलेल्या लकी बांबूंबरोबर एडिसचीच एक जात अमेरिकेत उतरली होती. घ्या, आलं 'लक'!

हे हसण्यावारी नेऊ नका. ऑक्टोबर 2012 मध्ये दिग्दर्शक यश चोप्रा गेले ते डेंग्यू झाल्यावरच, तेही मुंबईसारख्या शहरात, उपचार हाताशी असताना. डेंग्यूच्या विषाणूला मारणारं औषध अजून आपल्याकडे नाही. म्हणून डास होऊच न देणं हाच खरा उपाय.

मग झाडं लावायची कशाला?

कारण नीट वापरली तर ती कामाची आहेत.

गवती चहा : 12 इंची कुंडी आणि भरपूर ऊन द्या. बाल्कनीत बसताना चार पाती चुरगळून हातापायांना चोळा. थोडा वेळ डास लांब राहतील. उरलेली पाती चहात!

पुदिना : भाजीवाल्याकडच्या जुडीतल्या जाड काड्या थेट ओल्या मातीत खोचा. पाण्याच्या ग्लासात मुळं फुटायची वाट बघत बसू नका, कारण कळलंच असेल.

झेंडू : याच्या मुळांतली द्रव्यं मातीतल्या सूत्रकृमींना त्रास देतात. टोमॅटो-मिरचीच्या शेजारी लावा.

कडुलिंब : झाड कुंडीत मावणार नाही, पण तेल मिळतं. लिटरभर पाण्यात 5 मिली तेल आणि लिक्विड सोपचे काही थेंब घालून हलवा. मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला की संध्याकाळी फवारा. आधी एका पानावर ट्राय करा. सुकलेला पाला तांदळाच्या डब्यात टाकायची आजीची युक्ती आजही चालते.

वेखंड : सुकवलेले तुकडे पुरचुंडीत बांधून कपाटात ठेवा. लोकरीचे कपडे किड्यांपासून जपायची ही जुनी पद्धत.

दोन गोष्टी मात्र टाळा. सुगंधी तेल थेट अंगाला फासू नका, आग होते. चमचाभर खोबरेल तेलात 2-3 थेंब पुरेत, तान्ह्या बाळांना तेही नको. आणि घरात दमेकरी असेल तर कडुलिंबाच्या पाल्याची धुरी विसरा.

आठवड्यातून एक ड्राय डे!

तोंड पाडू नका, हा ड्राय डे कुंड्यांचा! रविवारी चहा झाला की 10 मिनिटं काढा.

- सगळ्या ताटल्या ओता आणि काथ्यानं घासा. एडिसची अंडी कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात, त्यामुळे नुसतं पाणी ओतून भागत नाही.
- ताटलीत वाळू भरा. ओल राहते, पाणी साचत नाही.
- मनी प्लांट आणि बांबू मातीत हलवा. जमत नसेल तर दर आठवड्याला पाणी बदला आणि भांडं घासा.
- फ्रिज आणि एसीचे ट्रे बघा.
- गावाला निघताना ताटल्या उलट्या करून ठेवा.

एवढं केल्यावर डास उरले तर जाळी, मच्छरदाणी आणि चांगलं क्रीम आहेच. ताप आला तर स्वतःच्या मनानं अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका. डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. सरळ डॉक्टर गाठा.