वरुणाचा गड कोणाचा?

म्हैसूर जिल्ह्यातला वरुणा विधानसभा मतदारसंघ म्हणजे कर्नाटकातले काँग्रेस नेते सिद्धरामय्या यांचा बालेकिल्ला, असे सरसकट म्हटले जाते. त्यांचे जन्मगाव सिद्धरामनहुंडी याच भागातले. आजवरच्या चारही निवडणुका काँग्रेसने जिंकल्या, तीन त्यांनी आणि एक त्यांचे चिरंजीव डॉ. यतींद्र यांनी. एवढे सगळे जुळल्यावर शंका घ्यायला जागा उरत नाही. तरीही आकडे जवळून पाहिले की हा गड एकट्या माणसाने बांधलेला दिसत नाही. निम्म्याहून अधिक बांधकाम २००८ साली लागू झालेल्या नकाशाचे आहे.

त्या वर्षापूर्वी या नावाचा मतदारसंघच नव्हता. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने २००१च्या जनगणनेवरून पुनर्रचना केली, तेव्हा म्हैसूर, नंजनगूड आणि टी. नरसीपूर या तालुक्यांतली गावे जोडून वरुणा तयार झाला आणि लोकसभेसाठी चामराजनगरला जोडला गेला. लिंगायत हा इथला सर्वांत मोठा एकगठ्ठा समाज मानला जातो. पण सर्वांत मोठा असणे म्हणजे बहुसंख्य असणे नव्हे. दलित, कुरुब आणि इतर मागास जाती, मुसलमान एकत्र आले की पारडे दुसरीकडे झुकते. कर्नाटकात या जुळणीला 'अहिंदा' म्हणतात. सिद्धरामय्या स्वतः कुरुब, आणि अहिंदाचे राजकारण त्यांनी आयुष्यभर केले. पण ही जुळणी मोजण्याइतकी दाट जिथे झाली तो नकाशा त्यांच्या हातात आयता आला.

आता निकाल. २००८ मध्ये सिद्धरामय्यांना ७१,९०८ मते पडली, तर भाजपचे निवृत्त पोलीस अधिकारी एल. रेवणसिद्धय्या यांना ५३,०७१. २०१३ मध्ये ८४,३८५ विरुद्ध येडियुरप्पांच्या कर्नाटक जनता पक्षाचे कापू सिद्धलिंगस्वामी यांची ५४,७४४. २०२३ मध्ये १,१९,८१६ विरुद्ध भाजपचे व्ही. सोमण्णा यांची ७३,६५३. मताधिक्य १८ हजारांवरून ४६ हजारांवर गेले म्हणून लोकप्रियता अडीचपट झाली असे वाटेल. पण पहिल्या दोघांच्या मतांची बेरीज करून तिच्यातला काँग्रेसचा वाटा काढा: साधारण ५८, ६१ आणि ६२ टक्के. विरोधी पक्षनेतेपद, पाच वर्षांचे मुख्यमंत्रिपद, पुन्हा मुख्यमंत्री होण्याची हवा, एवढे मधे घडूनही वाटा चारेक टक्क्यांनीच हलला. मुख्यमंत्र्याच्या मतदारसंघात रस्ते, पाणी, निधी येतोच आणि मते त्यालाच पडतात, हा आक्षेप रास्त आहे. पण त्या निधीच्या आधीच्या, २००८च्या निकालातही हाच साचा उभा होता.

खरी परीक्षा २०१८ची. सिद्धरामय्या तेव्हा मुख्यमंत्री होते आणि त्यांनी वरुणा मुलाला देऊन शेजारचा चामुंडेश्वरी घेतला. १९८३ पासून तिथून ते पाच वेळा जिंकले होते, २००६च्या पोटनिवडणुकीत तर अवघ्या २५७ मतांनी. यावेळी जनता दलाच्या जी. टी. देवेगौडांनी त्यांना ३६,०४२ मतांनी हरवले. सोबत लढवलेल्या बदामीत १,६९६ मतांची निसटती आघाडी मिळाली नसती तर विधानसभेचे दारही बंद झाले असते. त्याच दिवशी, काही मैलांवर, पहिलीच निवडणूक लढणारे यतींद्र ५८,६१६ मतांनी निवडून आले. वडिलांना कधीच न मिळालेले मताधिक्य. माणसाचे वजन हेच कारण असते तर हे दोन निकाल उलटे लागायला हवे होते. चामुंडेश्वरीत वोक्कलिग समाजाचे आणि त्यामुळे जनता दलाचे बळ आहे, वरुणात नाही.

अर्थात ५८ हजारांचे श्रेयही सगळे यतींद्रांना देता येत नाही. भाजपमध्ये परतलेल्या येडियुरप्पांचे पुत्र विजयेंद्र इथून लढणार म्हणून भाजप कार्यकर्ते कामाला लागले होते. ऐनवेळी त्यांना उमेदवारी नाकारली गेली आणि नंजनगूडमध्ये धुडगूस झाला. पक्षाचे उमेदवार टी. बसवराजू ३७,८१९ वर अडकले. सोमण्णांसारखा वजनदार लिंगायत मंत्री उतरवताच भाजपची मते जवळजवळ दुप्पट झाली. म्हणजे वरुणातले मताधिक्य काँग्रेसपेक्षा भाजपच्या घरातली अवस्था जास्त सांगते. दिल्लीच्या वाहिन्यांनी २०२३ मध्ये 'मुलापेक्षा बापाचे मताधिक्य घटले' असा अर्थ काढला असता तर तो साफ चुकीचा ठरला असता. बापाला मुलापेक्षा २३ हजार मते जास्तच होती.

मग सिद्धरामय्यांचे काहीच नाही का? आहे. अहिंदाची जुळणी कागदावर अनेक ठिकाणी होते आणि मतदानाच्या दिवशी विस्कटते; वरुणात ती चार वेळा टिकली, त्यात त्यांच्या घराण्याशी असलेली गावांची ओळख नक्की आहे. अशा ओळखीची कसोटी बारामतीत लागली: तिथल्या मतदारांनी २०२४ च्या मे महिन्यात लोकसभेला सुप्रिया सुळेंना आघाडी दिली आणि नोव्हेंबरात विधानसभेला अजित पवारांना. ओळखीचे आडनावच दोन्हीकडे उभे राहिल्यावर मतदार निवड करतो. वरुणात तशी वेळ अजून आलेली नाही. आडनाव आणि नकाशा यांची फारकत झाली तर कोणाचे किती, हे कळेल, आणि त्यासाठी निमित्तही येऊ घातले आहे. २०२३ ही आपली शेवटची निवडणूक असे सिद्धरामय्या प्रचारात म्हणाले होते, यतींद्र २०२४ पासून विधान परिषदेत आहेत, आणि पुढच्या जनगणनेनंतर पुनर्रचना झाली की नंजनगूड तालुक्यातली कोणती गावे वरुणात राहतात आणि कोणती बाहेर जातात यावर कुठल्याही उमेदवाराच्या नावाइतकेच लक्ष ठेवावे लागेल.