बंपर, बोनेट आणि विम्याचा कागद

गाडीच्या विम्याचा कागद वाचायला शिकायचं असेल तर वर्कशॉपसारखी जागा नाही. रिन्यूअलच्या वेळी आपल्यापुढे हप्त्याचा एकच आकडा असतो आणि तो गेल्या वर्षीपेक्षा किंवा शेजाऱ्याच्या हप्त्यापेक्षा कमी आहे का, एवढंच आपण बघतो. वर्कशॉपमध्ये मात्र त्या कागदातल्या एकेका कलमाचे रुपये होतात. म्हणून स्वस्त आणि तरीही पुरेसा विमा कसा शोधायचा हे समजून घ्यायला मी आधी हडपसरकडच्या एका वर्कशॉपमध्ये जाऊन बसलो आणि मग एका विमा एजंटच्या टेबलाशी.

वर्कशॉपमध्ये त्या सकाळी एक पेट्रोल हॅचबॅक उभी होती. ११९७ सीसी, वय साडेतीन वर्षं. मालकीणबाई शाळेत शिक्षिका. सोलापूर रस्त्यावर पुढच्या टेम्पोने एकदम ब्रेक मारला आणि त्यांची गाडी त्याच्यावर जाऊन आदळली. बंपर फुटला, उजवा हेडलाइट गेला, बोनेट दुमडलं, पुढची काच तडकली.

विमा कंपनीचा सर्व्हेअर आला तो थेट फुटलेल्या भागाकडे गेला नाही. आधी त्याने फडक्याने पुसून चॅसी नंबर वाचला, आरसीशी ताडून पाहिला, फोटो काढला. मग लायसन्सची मुदत बघितली, चारही कोपऱ्यांतून गाडीचे फोटो घेतले. त्यानंतर बंपरपाशी उकिडवा बसून त्याने तुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. ताजी तूट स्वच्छ दिसते, जुन्या तुटीत धूळ आणि मळ बसलेला असतो. डाव्या दरवाजाला एक पोचा होता. सर्व्हेअरने नखाने तिथली रंगाची कड खरवडली आणि खालचा तांबूस गंज दाखवला.

"मॅडम, हा या धडकेतला नाही. हा मला यात धरता येणार नाही."

"नाहीच आहे. तो सोसायटीच्या पार्किंगमधला," बाई म्हणाल्या.

मग वर्कशॉपच्या माणसाने एस्टिमेट पुढे केलं आणि सर्व्हेअर पेन घेऊन एकेक ओळ उतरत गेला. समजायला सोपं जावं म्हणून इथे आकडे गोल केले आहेत आणि जीएसटी बाजूला ठेवला आहे. बंपर ६,००० रुपयांचा. प्लॅस्टिक, रबर, नायलॉनच्या भागांवर निम्मा घसारा कापतात, मग गाडी नवी असो की जुनी. मंजूर झाले ३,०००. हेडलाइट ५,००० चा, तोही प्लॅस्टिकमध्ये धरला, मंजूर २,५००. बोनेट १०,००० चं. पत्र्याचा घसारा गाडीच्या वयावर असतो, तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के, मंजूर ७,५००. काच ७,००० ची, काचेवर घसारा नाही, पूर्ण मंजूर. रंगकाम ८,०००. त्यातला पाव हिस्सा मटेरियलचा धरतात आणि त्या हिश्श्याचा निम्मा भाग कापतात, मंजूर ७,०००. मजुरी ४,०००, पूर्ण. बेरीज ३१,०००. त्यातून १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला असलेली सक्तीची वजावट १,०००. म्हणजे ४०,००० च्या बिलात कंपनीचे ३०,००० आणि बाईंचे १०,०००.

"पण माझा तर फुल इन्शुरन्स आहे ना?"

"फुलच आहे, मॅडम. झिरो डेप घेतलेलं नाही."

झिरो डेप नावाचं ॲड-ऑन असतं तर भागांवरचा घसारा कापला गेला नसता आणि बाईंच्या पदरचे फक्त ते सक्तीचे हजार रुपये गेले असते. आजच्या गाड्यांचं पुढचं तोंड बहुतेक प्लॅस्टिकचं असतं आणि शहरातल्या धडका बहुतेक तिथेच बसतात. म्हणून पहिल्या चार-पाच वर्षांत, पुण्या-मुंबईच्या गर्दीत रोज चालवल्या जाणाऱ्या गाडीला हे ॲड-ऑन घ्यावं असं माझं स्पष्ट मत झालं. वर्षाला किती क्लेम चालतात ते मात्र आधी विचारून घ्यावं, कारण अनेक कंपन्या त्यावर मर्यादा घालतात.

क्लेम लावावा की नाही, हा हिशेबही वर्कशॉपमध्येच होतो. सलग वर्षं क्लेम न घेतल्यास मिळणारी सूट, म्हणजे एनसीबी, २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशी चढत जाते. एक क्लेम घेतला की ती शून्यावर येते. समजा गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, ज्याला सगळे ओन डॅमेज म्हणतात त्याचा, मूळ हप्ता ६,००० आहे आणि पुढच्या रिन्यूअलला तुम्हाला ४५ टक्के सूट मिळणार आहे. क्लेम घेतलात तर पहिल्या वर्षी २,७०० ची सूट जाते. दुसऱ्या वर्षी ५० टक्क्यांऐवजी २० मिळतात, म्हणजे १,८०० गेले. तिसऱ्या वर्षी ५० ऐवजी २५, म्हणजे १,५०० गेले. तीन वर्षांत ६,०००. पाच हजारांच्या डेंटिंग-पेंटिंगसाठी क्लेम लावणारा माणूस स्वतःच्याच खिशातून जास्त पैसे देतो. चाळीस हजारांच्या बिलाला मात्र क्लेम लावायलाच हवा.

एजंटकाका कोथरूडला बसतात. त्यांच्यासमोर एक तरुण इंजिनिअर मोबाईलवरची तीन कोटेशन घेऊन आला होता. "काका, हे सगळ्यात स्वस्त आहे. घेऊन टाकू?"

काकांनी तिन्ही कोटेशनं कागदावर उतरवायला लावली आणि प्रत्येकाखाली आडव्या रेषा मारून तुकडे पाडले: ओन डॅमेज, थर्ड पार्टी, मालक-चालकाचा अपघात विमा, ॲड-ऑन आणि शेवटी १८ टक्के जीएसटी. थर्ड पार्टीचा आकडा तिन्ही ठिकाणी एकच होता. तो दर केंद्र सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात खासगी मोटारींसाठी वर्षाला १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७ असे दर आले. इलेक्ट्रिक गाड्यांना १५ टक्के सूट. यात घासाघीस होत नाही. ओन डॅमेजचे दरही पूर्वी बांधलेले होते, ते २००७ च्या १ जानेवारीपासून मोकळे झाले. कंपन्यांमधला सगळा फरक येतो तो याच तुकड्यात, म्हणून तुलनाही इथेच करायची.

"आता आयडीव्ही बघ," काका म्हणाले. चोरीला गेलेल्या किंवा पार निकामी झालेल्या गाडीची जी किंमत कंपनी देणार, ती आयडीव्ही. स्वस्त कोटेशनमध्ये ती इतर दोघांपेक्षा साठ हजारांनी खाली होती. हप्ता कमी दिसत होता तो त्यामुळे. ठरलेल्या तक्त्याप्रमाणे गाडीच्या छापील किमतीतून दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के, तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा जातो. पाच वर्षांनंतर आयडीव्ही कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी निकामी धरतात आणि तेव्हा हाच आकडा हातात पडतो. काकांनी तिन्ही कोटेशनं एकाच आयडीव्हीवर, त्याच ॲड-ऑनसह पुन्हा मागवायला सांगितली. तेव्हा जे खरोखर स्वस्त होतं ते दुसरंच निघालं.

पुढचा प्रश्न पाण्याचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण बुडालं. पुराचं नुकसान साध्या ओन डॅमेज पॉलिसीत येतं. पण पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करायला गेलं तर पाणी हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जातं. हे नुकसान साध्या पॉलिसीत मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट लागतं. तळमजल्यावर किंवा बेसमेंटमध्ये गाडी लावणाऱ्याने, नदीकाठच्या गावात राहणाऱ्याने ते घ्यावं. टेकडीवरच्या सोसायटीतल्या माणसाला ते टाळता येईल. आणि ॲड-ऑन असो वा नसो, पाण्यातून निघालेल्या गाडीला स्टार्टर मारू नये, ती ओढूनच न्यावी.

पैसे वाचवायच्या सरळ वाटा काकांनी भराभर सांगितल्या. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा सक्तीचा आहे, पण तेवढा विमा तुमच्याकडे आधीच असेल तर पुन्हा पैसे भरावे लागत नाहीत. हात बसलेला असेल आणि किरकोळ खर्च स्वतः करायची तयारी असेल तर स्वेच्छेने वजावट वाढवून घ्यावी, हप्ता उतरतो. एनसीबी गाडीची नसून मालकाची असते. जुनी गाडी विकताना एनसीबीचा दाखला घ्यावा, तो नव्या गाडीला लागतो. पॉलिसी संपून ९० दिवस गेले तर साठवलेली सगळी एनसीबी बुडते. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा. आणि खासगी नोंदणीची गाडी भाड्याने फिरवू नये, कारण त्या फेरीत झालेल्या नुकसानीचा क्लेम नाकारला जातो.

क्लेम अन्यायाने कापला गेला असं वाटलं तर गप्प बसू नये. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, तक्रारीला पैसे पडत नाहीत आणि वकीलही लागत नाही. सर्व्हेअरने केलेल्या मंजुरीच्या हिशेबाची प्रत मागून ठेवलेली असेल तर आपली बाजू मांडणं फार सोपं होतं.

वर्कशॉप आणि एजंट, दोन्हीकडे बसल्यावर स्वस्त विम्याचं माझं माप बदललं. हप्ता आणि अपघाताच्या दिवशी आपल्या खिशातून जाणारी रक्कम, दोन्ही मिळून जो आकडा होतो तो बघायचा. हा हिशेब शांतपणे करायला पॉलिसी संपायच्या महिनाभर आधी बसावं. शेवटच्या संध्याकाळी माणूस मिळेल ते कोटेशन घेतो.

जुन्या गाडीबाबत काकांचा सल्ला मला सगळ्यात मोलाचा वाटला. बारा-पंधरा वर्षांच्या गाडीचं ओन डॅमेज सोडलं तरी चालेल, कारण तिची आयडीव्ही तेवढी उरलेली नसते. थर्ड पार्टी मात्र कधीच सोडायचं नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ते सक्तीचं आहे आणि विनाविमा गाडी चालवल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दंडापेक्षा मोठी गोष्ट पुढची आहे. आपल्या गाडीखाली सकाळी दूध घालणारा पोरगा किंवा क्लासला निघालेली मुलगी आली, तर त्यांच्या भरपाईला थर्ड पार्टीत वरची मर्यादा नाही. विमा नसेल तर न्यायाधिकरणाने ठरवलेली ती रक्कम मालकाला स्वतः द्यावी लागते, आणि त्याची ऐपत नसेल तर ते घर वर्षानुवर्षं रिकाम्या हाताने वाट बघतं. हप्ता कमी करायला कागदात बाकी ओळी भरपूर आहेत. ही ओळ दुसऱ्याच्या घरासाठी आहे, आणि गाडी रस्त्यावर आहे तोवर ती चालू ठेवायची.