सुहैली : कुलाब्यात घडलेली, जगाला वळसा घातलेली

मुंबई आणि इराणी आखात यांच्या दरम्यान ये-जा करणाऱ्या ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर काही तरुण इंग्रज अधिकारी होते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी एक बेत आखला. मुंबईत शिडाची बोट बांधून घ्यायची आणि तीच हाकत मायदेशी जायचं. इंग्लंडमधल्या एका फर्मकडून त्यांनी आराखडे मागवले. आले ते भलत्याच बोटीचे. हवी होती तिच्यापेक्षा ही जुन्या वळणाची, रुंद आणि जड. पण पुन्हा मागवण्यात महिने गेले असते. आहे त्यावरच भागवू, असं ठरलं. या मंडळींमध्ये एक होता रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन.

त्या नको असलेल्या आराखड्याचं कूळ मोठं होतं. नॉर्वेतल्या लार्विक गावचा नौकाशिल्पी कॉलिन आर्चर याने १८९३ च्या सुमारास मच्छीमारांच्या बचावासाठी खास बोटी आखल्या. वादळात बाकीचे बंदराकडे पळत असताना या बोटींनी उलट बाहेर निघायचं, असं त्यांचं काम. म्हणून वेगापेक्षा समुद्रात तग धरणं महत्त्वाचं. पुढे १९२० च्या दशकात अमेरिकेत विल्यम ॲटकिनने हाच घाट सत्तेचाळीस फुटांवरून बत्तीस फुटांवर आणला. त्या आराखड्याचं नाव ‘एरिक’. सुहैली ही या एरिकचीच मुंबईत झालेली आवृत्ती.

या घाटाची खूण म्हणजे दोन्ही टोकं निमुळती. पुढे नाळ असते तशीच मागची बाजूही टोकदार. मागून येणारी उंच लाट सपाट पाठीवर आदळते. इथे ती दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जाते. तळाचा कणा नाळेपासून सुकाणूपर्यंत सलग लांब, त्याला खाली लोखंडाचं जड ओझं. त्यामुळे बोट कलली तरी सावरते आणि एकदा धरलेली दिशा सहसा सोडत नाही. किंमत मोजावी लागते ती वेगात आणि चपळाईत. डोलकाठ्या दोन, पुढची मोठी, मागची धाकटी. एका मोठ्या शिडाऐवजी लहान लहान शिडं असली की एकट्या माणसाला ती आवरतात, आणि कुठलं किती ओढायचं ते जमलं की बोट आपली आपण मार्गावर राहते.

बांधणी झाली कुलाब्यात. हातात वाकस घेऊन सागवानी ओंडके तासत, कमानीने फिरवायच्या सामत्याने भोकं पाडत आपल्याकडच्या सुतारांनी तिचा सांगाडा उभा केला. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही पद्धत. याच शहरातल्या गोदीत वाडिया घराण्याने ब्रिटिश आरमारासाठी सागवानी जहाजं बांधली होती. त्यातलं १८१७ चं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. सागवानात अंगचं तेल असतं. त्यामुळे ते सहजी कुजत नाही, आणि त्यात ठोकलेलं लोखंड ओकच्या लाकडात गंजतं तसं लवकर गंजत नाही. १९६४ मध्ये नाळेवर नारळ फोडून बोट पाण्यात गेली. नाव दिलं सुहैली. आखातातले अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला हेच म्हणतात.

१९६५ च्या डिसेंबरात तिने मुंबई सोडली. आफ्रिकेच्या किनाऱ्याने थांबत थांबत, वाटखर्चासाठी दक्षिण आफ्रिकेत नोकऱ्या करत, शेवटी केप टाउनहून न थांबता ७४ दिवसांत ती लंडनला पोहोचली. मग नॉक्स-जॉन्स्टनने डोक्यात घेतलं, एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची. त्यासाठी त्याला हवी होती नवी, मोठी, पोलादी बोट. सुहैली विकायलाही काढली. नव्या बोटीसाठी पैसे उभे राहिले नाहीत, तेव्हा पुन्हा तेच: आहे त्यावरच भागवू.

१४ जून १९६८ रोजी तो फॅल्मथहून निघाला. ‘संडे टाइम्स’ने जाहीर केलेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत त्याच्यासह नऊ जण होते. केप व्हर्दे बेटं मागे टाकल्यावर बोटीत नेहमीपेक्षा जास्त पाणी साठू लागलं. पाण्यात उडी मारून बघितलं, तर मोठ्या डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना, पाण्याखाली, फळ्यांची सांध उघडी पडलेली. सांधीत कापूस ठासायचा तर तो वर श्वास घेऊन येईपर्यंत निसटून जाई. शेवटी त्याने कॅनव्हासच्या लांब पट्टीवर कापूस शिवला, तिला डांबर फासलं, पट्टीत तांब्याचे खिळे आधीच अडकवून ठेवले, आणि बुड्या मारमारून एकेक खिळा ठोकत ती सांधीवर बसवली. वरून तांब्याच्या पत्र्याची पट्टी. गोरी कातडी शार्कच्या नजरेत भरू नये म्हणून अंगात गडद कपडे घातले होते. तरीही एक शार्क घिरट्या घालू लागला. बोटीवर चढून त्याला गोळी घालावी लागली, मग काम पुढे.

पुढे रेडिओवरून बोलणं बंद पडलं. ऑस्ट्रेलियाच्या आसपास आपोआप सुकाणू सांभाळणारं यंत्रही मोडलं. उरलेलं जवळजवळ निम्मं जग सुहैली शिडांच्या तोलावर चालली. लांब कण्याचा उपयोग इथे कळला. दक्षिण महासागराच्या वादळात मागे जाड दोर सोडून तिचा वेग रोखला, आणि टोकदार पाठ लाटा झेलत राहिली.

बाकीच्यांपैकी काही लवकर परतले. मोइतेसिए या स्पर्धकाने परतीची वाट सोडून ताहिती गाठलं. टेटलीची वेगवान, तीन सांगाड्यांची प्लायवूडची बोट परतीच्या टप्प्यात फुटली. क्रोहर्स्टची बोट सापडली, माणूस नाही. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, फॅल्मथला पोहोचली ती एकटी सुहैली. सरासरी वेग ताशी जेमतेम चार सागरी मैल. बक्षिसाचे पाच हजार पौंड नॉक्स-जॉन्स्टनने क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले.

१९९७ मध्ये तिला ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात मानाची जागा मिळाली. पण तिथल्या कोरड्या हवेत फळ्या आक्रसू लागल्या. पाण्यात फुगून सांध घट्ट धरायची, हा लाकडी बोटीचा धर्म. कोरडी पडली की ती सुटत जाते. २००२ मध्ये मालकाने तिला बाहेर काढलं आणि दुरुस्ती करून पुन्हा पाण्यात नेलं.

आपल्याकडेही तिचा धागा पोहोचला. एकट्याने जगाला वळसा घालणारे पहिले भारतीय कॅप्टन दिलीप दोंदे यांना नॉक्स-जॉन्स्टन यांचं मार्गदर्शन होतं. त्यांची ‘म्हादेई’ बांधली गोव्यात, रत्नाकर दांडेकरांच्या ॲक्वेरियस शिपयार्डने. त्याच शिपयार्डने २०१७ मध्ये सुहैलीच्या आराखड्यावरून ‘थुरिया’ घडवली आणि ती घेऊन अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. सप्टेंबरात हिंदी महासागराच्या दक्षिणेत वादळाने थुरियाच्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला जबर इजा झाली आणि फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवलं. घाट तोच, पण समुद्राने या खेपेला दुरुस्ती करणाऱ्या माणसालाच आडवं केलं.

म्हणून सुहैलीचं श्रेय नुसत्या आराखड्याला देऊन चालत नाही. तिच्या लाकडी अंगाचं दुखणं हातोडी, खिळे आणि कापसाने, एका धडधाकट माणसाला बरं करता येत होतं. बोट निवडताना ती किती पळते हे सगळेच विचारतात. मोडली तर एकट्याला जोडता येईल का, हे आधी विचारावं.